चीनच्या सातबाऱ्यावर पोटखराबा किती?

प्रश्न : बाई, माझी सात एकर जमीन आहे, त्यातल्या पाच एकरांवर सोयाबीन असतं. मुलाच्या पुस्तकातल्या नकाशात चीन आपल्या जवळजवळ तिप्पट दिसतो. माणसं मात्र आपल्याइतकीच. म्हणजे माणसामागं त्यांच्याकडं आपल्या तिप्पट जमीन झाली. मग एवढी जमीन असलेला देश दरवर्षी जहाजं भरभरून सोयाबीन बाहेरून का आणतो? त्यांना पेरायला काय होतं?
*— एक शेतकरी वाचक, लातूर जिल्हा*

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हिशेब तुम्ही बरोबर मांडलाय, फक्त सातबाऱ्यावरची एक ओळ त्यात राहून गेली आहे.

माझे वडील तलाठी होते. खरिपाच्या पीक पाहणीला ते सायकलवरून निघाले की मी पुढच्या दांडीवर बसायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका उताऱ्यावर अकरा एकर लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, "केवढं मोठं शेत!" वडिलांनी मला बांधावर उतरवलं आणि म्हणाले, "अकरा कागदावर. आता नांगर कुठवर फिरलाय ते बघ." एका अंगाला ओढा, त्याच्या कडेनं बाभळी, वरच्या टोकाला उघडा खडक. चार एकर पोटखराबा, म्हणजे नांगराला न येणारी जमीन. पुढं पस्तीस वर्षं मी भूगोल शिकवला, पण दोन देशांचं क्षेत्रफळ शेजारी शेजारी लिहिलं की मला आधी तोच बांध आठवतो.

तर आधी तुमचाच हिशेब करू. भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ कोटी हेक्टर, चीनचं ९६ कोटी हेक्टर. दोघांचीही लोकसंख्या १४० कोटींच्या पुढं, आणि २०२३ मध्ये आपण त्यांना मागं टाकलं. भागाकार केला तर आपल्याकडं माणशी साधारण २३ गुंठे येतात आणि चीनमध्ये ६७, म्हणजे एक एकर सत्तावीस गुंठे. तुमचं 'तिप्पट' इथवर अगदी चोख आहे.

आता पोटखराबा वजा करा. भारतात पेरणीखालचं निव्वळ क्षेत्र सुमारे १४ कोटी हेक्टर आहे. चीननं आपल्या सगळ्या जमिनीची तिसरी राष्ट्रीय मोजणी केली, तिच्यात २०१९ अखेरची लागवडीची जमीन निघाली १२.७९ कोटी हेक्टर. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाकडं आपल्यापेक्षा कमी शेतजमीन आहे. आपल्या शंभर एकरांतले बेचाळीस-त्रेचाळीस एकर नांगराखाली येतात, त्यांच्या शंभरातले तेरा. (त्यांच्या फळबागा वेगळ्या मोजल्या जातात, त्या सुमारे दोन कोटी हेक्टर. त्या धरल्या तरी चित्र फारसं बदलत नाही.) आता माणशी किती? आपल्याला पावणेदहा गुंठे, त्यांना नऊ.

नकाशावरचा सगळा मोठेपणा इथं संपतो.

मग उरलेली जमीन गेली कुठं? १९३५ मध्ये हू ह्वानयोंग नावाच्या चिनी भूगोलतज्ज्ञानं नकाशावर एक तिरकी रेघ ओढली. ईशान्येतल्या हेहे गावापासून नैर्ऋत्येला म्यानमारच्या सीमेजवळच्या तेंगचोंगपर्यंत. रेघेच्या आग्नेयेला तेव्हाच्या चीनची ३६ टक्के जमीन होती आणि ९६ टक्के माणसं. वायव्येला ६४ टक्के जमीन आणि उरलेली चार टक्के माणसं. मधल्या काळात चीनमध्ये क्रांती झाली, कारखाने आले, रेल्वे आली, पण ती रेघ अजून जवळपास तशीच खरी आहे. कारण ती पावसाची रेघ आहे. ढोबळमानानं तिच्या एका बाजूला वर्षाला ४०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, दुसऱ्या बाजूला त्याहून कमी. पलीकडं गोबीचं वाळवंट आहे, तकलामाकनचं वाळवंट आहे, आणि सरासरी चार हजार मीटरच्या वर उंची असलेलं तिबेटचं पठार आहे. तिथं सोयाबीन पेरता येत नाही. गवत येतं, तेही थोडे महिने.

आपल्याकडंही थरचं वाळवंट आहे, कच्छचं रण आहे, लडाख आहे. पण गंगेचं मैदान, गोदावरी-कृष्णेची खोरी, आपली दख्खनची काळी जमीन हे सगळं मिळून देशाचा फार मोठा भाग नांगरता येण्याजोगा आहे, आणि बहुतेक ठिकाणी पिकाला मारणारी थंडी नाही. पाणी असेल तर आपण वर्षात दुसरं पीक घेतो. त्या १४ कोटी हेक्टरवर खरीप, रब्बी, उन्हाळी मिळून सुमारे २२ कोटी हेक्टर पेरा होतो. चीनमध्ये दक्षिणेत भाताची दोन पिकं निघतात, पण ईशान्येत एकच. तिथला पेरा सुमारे १७ कोटी हेक्टरचा.

आता सोयाबीन. चीन दरवर्षी जवळजवळ १० कोटी टन सोयाबीन विकत घेतो, बहुतेक ब्राझील आणि अमेरिकेकडून. तेल तर निघतंच, पण खरी गरज पेंडीची असते. त्यांची डुकरं आणि कोंबड्या त्या पेंडीवर वाढतात, आणि जगातली निम्म्याच्या आसपास डुकरं एकट्या चीनमध्ये आहेत. त्यांचा सोयाबीनचा उतारा हेक्टरी सुमारे दोन टन, तुमच्या भाषेत एकरी आठ क्विंटल. १० कोटी टन घरी पिकवायचं म्हटलं तर पाच कोटी हेक्टर लागतील. त्यांच्याकडं एकूण शेतजमीनच पावणेतेरा कोटी. जवळजवळ चाळीस टक्के जमीन एका सोयाबीनला दिली तर भात, गहू, मका कुठं लावायचा? म्हणून त्यांनी ठरवलं की माणसाचं पोट भरणारं धान्य घरच्या रानात पिकवायचं आणि जनावराचं बाहेरून आणायचं. ब्राझीलमधून निघालेल्या प्रत्येक जहाजात बिया असतात तशी तिथली जमीन आणि तिथला पाऊसही असतो, असं मी मुलांना सांगायची.

आणि हे आपणही करतो. आपण वर्षाला दीड कोटी टनांच्या वर खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यातलं पामतेल इंडोनेशिया-मलेशियातल्या जमिनीवर पिकलेलं असतं. तुम्ही स्वतः तेलबिया पिकवता, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगते. आपल्या देशाचा सोयाबीनचा सरासरी उतारा हेक्टरी टनाच्या आसपास घुटमळतो, म्हणजे एकरी चार-साडेचार क्विंटल. ब्राझीलचा तेरा-चौदा. तुमच्या पाच एकरांत चांगल्या साली किती पडतं ते पुढच्या पत्रात जरूर कळवा.

प्रश्न : तुमच्याच एका जुन्या उत्तरात वाचलं होतं की चीनचं धान्य उत्पादन आपल्या दुप्पट आहे. जमीन आपल्यापेक्षा कमी असून हे कसं? आपले शेतकरी कमी कष्ट करतात का?
*— एक निवृत्त बँक कर्मचारी*

उत्तर : कष्टांचा प्रश्नच येत नाही, आणि तो शब्द मला लागला, हे मोकळेपणानं सांगते.

२०२३ मध्ये चीननं ६९.५ कोटी टन धान्य सांगितलं. आपलं २०२३-२४ चं अन्नधान्य ३३.२ कोटी टन. पण हे दोन आकडे एका तराजूतले नाहीत, आणि त्या जुन्या उत्तरात मी हे सांगायला हवं होतं. चीन साळीचं वजन धरतो, आपण भरडून निघालेल्या तांदळाचं. शंभर किलो साळीतून सदुसष्ट किलोच्या आसपास तांदूळ येतो, म्हणजे भाताच्या आकड्यातच एक तृतीयांशाचा फरक पडला. शिवाय ते बटाटा-रताळ्यासारखे कंद पाच किलोला एक किलो या हिशेबानं धान्यात मिळवतात, आणि सोयाबीनही त्यातच धरतात. आपण सोयाबीन तेलबियांत मोजतो. हे सगळं वजा केलं तरी त्यांचा आकडा आपल्या दीडपटीहून वरच राहतो, हे खरं. पण दुप्पट म्हणणं चूक होतं.

उरलेला फरक उताऱ्याचा आहे. भाताचा उतारा, साळीच्याच मापात, त्यांचा हेक्टरी सात टन आणि आपला चारच्या थोडा वर. गहू त्यांचा पावणेसहा, आपला साडेतीन. याला अनेक कारणं आहेत. चिनी कृषिशास्त्रज्ञ युआन लोंगपिंग यांनी १९७० च्या दशकात संकरित भात शेतात आणला आणि तो तिथं झपाट्यानं पसरला. सिंचन आहे. रासायनिक खत त्यांनी इतकं ओतलं की २०१५ मध्ये सरकारलाच खताची वाढ थांबवण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. उत्तरेच्या मैदानात भूजल खाली गेलं, जसं आपल्या पंजाबात गेलं.

आणि एक कारण हवामानाचं आहे, ते फार कमी लोक सांगतात. उत्तर चीनमध्ये गहू ऑक्टोबरात पेरतात आणि जूनमध्ये कापतात. आठ महिने. मधली कडक थंडी तो जमिनीलगत झोपून काढतो आणि वसंतात लांबलेल्या दिवसांत सावकाश भरतो. आपला गहू नोव्हेंबरात पेरला की मार्चच्या उन्हाला तोंड देत चार-पाच महिन्यांत पिकून मोकळा होतो. आठ महिन्यांच्या पिकाशी साडेचार महिन्यांचं पीक तोलायचं आणि मग शेतकऱ्याला बोल लावायचा, हे बरोबर नाही.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. भारताचं क्षेत्रफळ एका पुस्तकात ३२.८७ लाख चौरस किलोमीटर आहे, दुसऱ्यात २९.७३ लाख. चीनचंही कुठं ९६ लाख, कुठं ९४. मी कुठलं पाठ करू?
*— एक विद्यार्थिनी*

उत्तर : परीक्षेत ३२,८७,२६३ लिही. पण बाळ, पाठ करण्याआधी त्याच्या आत काय आहे ते समजून घे.

हा आकडा देशाच्या पूर्ण हद्दीचा आहे. त्यात पाकिस्तानच्या बेकायदा ताब्यातला ७८,११४ चौरस किलोमीटरचा भाग आहे, पाकिस्ताननं परस्पर चीनला दिलेला ५,१८० चा आहे आणि चीनच्या ताब्यातला ३७,५५५ चा. बेरीज १,२०,८४९. जनगणनेचे लोक त्या भागात जाऊ शकत नाहीत, म्हणून लोकसंख्येची घनता काढताना तो वगळतात. तू स्वतः करून बघ. २०११ ची लोकसंख्या १२१.०८ कोटी. तिला ३२.८७ लाखांनी भागलंस तर ३६८ येतील आणि पुस्तकात छापलेत ३८२. फरक या एक लाख वीस हजारांचा आहे.

२९.७३ लाख हा आकडा आंतरराष्ट्रीय तक्त्यांत असतो. त्यातून नद्या, तलाव, जलाशयांचं पाणी वजा केलेलं असतं, उरते ती कोरडी जमीन. चीनचंही तसंच. ९६ लाख हा गोळाबेरीज आकडा, पाणी काढलं की तो ९४ च्या जवळ येतो.

तिसरा आकडा कुणी विचारत नाही, पण शेतीचे सगळे तक्ते त्याच्यावर उभे असतात. ज्या जमिनीच्या वापराची नोंद गावपातळीवरून वर येते तेवढंच क्षेत्र, सुमारे ३०.७ कोटी हेक्टर. त्याचे नऊ भाग करतात. वनं, बिगरशेती, नापीक, कायम कुरणं, झाडझाडोरा, लागवडयोग्य पडीक, चालू पड, जुनी पड आणि पेरणीखालचं निव्वळ क्षेत्र. टक्केवारी काढताना कशानं भागलंय ते बघ. त्याच १४ कोटी हेक्टरला कुणी ४३ टक्के म्हणतं, कुणी ४६, आणि दोघंही खरं बोलत असतात.

या नऊ नावांतलं 'लागवडयोग्य पडीक' हे नाव मला कधीच आवडलं नाही. नांगर फिरला नाही म्हणून जमीन पडीक ठरवायची ही महसुलाची नजर आहे. ज्या माळावर मेंढरं चरतात तो धनगराला पडीक वाटत नाही. चीनच्या मोजणीत २६.४५ कोटी हेक्टर गवताळ जमीन निघाली, आणि मंगोल, तिबेटी मेंढपाळांचं सगळं आयुष्य तिच्यावर चालतं. आपल्या नोंदीत कायम कुरणं जेमतेम एक कोटी हेक्टर उरली आहेत. वर त्या शेतकरी दादांना उत्तर देताना मी सोयीसाठी ती सगळी जमीन 'पोटखराबा' म्हटली खरी, पण तू तसं म्हणू नकोस.

प्रश्न : चीननं म्हणे शेतजमिनीला लाल रेघ मारली आहे. ती काय भानगड आहे? आपल्याकडं तसं काही आहे का?
*— एक वाचक, पुणे*

उत्तर : २००६ मध्ये चीननं ठरवलं की देशातली शेतजमीन १८० कोटी मूच्या खाली जाऊ द्यायची नाही. मू हे त्यांचं जुनं माप. एक मू म्हणजे आपले साडेसहा गुंठे आणि थोडं वर. सहा मूंचा साधारण एक एकर, पंधरा मूंचा बरोबर एक हेक्टर. म्हणजे रेघ १२ कोटी हेक्टरची. २००९ च्या मोजणीत त्यांच्याकडं २०३ कोटी मू होते, २०१९ मध्ये १९१.८ कोटी. दहा वर्षांत अकरा कोटी मूंची घट. सरकारनं कारण सांगितलं ते मुख्यतः झाडं आणि फळबागा लावल्याचं. त्यानंतर रेघेचं पालन कडक झालं, आणि काही ठिकाणी लावलेल्या बागा काढून पुन्हा धान्य लावायला सांगितलं गेलं. ज्यानं पाच-सहा वर्षं झाड वाढवलं त्याला ते उपटताना काय वाटलं असेल, हा विचार मनातून जात नाही.

आपल्याकडं देशभराची अशी एक रेघ नाही. जमीन हा राज्यांचा विषय आहे आणि बिगरशेतीची परवानगी म्हणजे एनए राज्याच्या कायद्यानं मिळते. तरीही आपलं पेरणीखालचं निव्वळ क्षेत्र १९७० पासून १४ कोटी हेक्टरच्या आसपासच आहे. तेव्हा आपण ५५ कोटी होतो आणि माणशी पंचवीस गुंठे येत होते, आता पावणेदहा. क्षेत्र तेवढंच राहिलं म्हणून काहींना हायसं वाटतं. मला वाटत नाही, कारण बेरीज तीच असली तरी जमीन तीच असते असं नाही. वडिलांच्या सज्जातली, म्हणजे त्यांच्याकडं असलेल्या गावांतली, रस्त्याकडेची काळी रानं मी डोळ्यांसमोर प्लॉट होताना पाहिली, आणि त्याच वर्षांत वरचा मुरमाड उतार नांगराखाली आला. पाहणीत दोन्ही हेक्टर सारखेच मोजले जातात.

प्रश्न : हिरवाईत चीन आपल्या पुढं आहे का?
*— एक वाचक*

उत्तर : थोडक्यात सांगते. २०१९ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सन २००० पासून जगात वाढलेल्या हिरव्या पानांत एक तृतीयांश वाटा भारत आणि चीन या दोघांचा निघाला. पण चीनच्या वाढीत जंगलाचा वाटा ४२ टक्के आणि शेतीचा ३२, तर आपल्या वाढीत शेतीचाच ८२ टक्के. आपलं पान बहुतेक रब्बी-उन्हाळी पिकाचं आहे, विहीर-बोअरच्या पाण्यावर उभं राहिलेलं. वनाच्छादन आपलं २०२३ च्या अहवालात २१.७६ टक्के आहे, चीन २४-२५ च्या आसपास सांगतो. पण आपण झाडांचं दहा टक्के छत्र असलेल्या जागेलाही, मग ती आमराई असो की नारळाची बाग, त्यात धरतो. त्यांची अट वीस टक्क्यांची आहे.

प्रश्न : चिनी शेतकऱ्याला सातबारा असतो का?
*— एक वाचक, नाशिक जिल्हा*

उत्तर : मालकीचा नसतो. खेड्यातली जमीन गावाच्या सामूहिक मालकीची, कुटुंबाला ती कसायला कराराने मिळते आणि तसं प्रमाणपत्र असतं. आधी हा करार पंधरा वर्षांचा होता, १९९३ पासून तीस वर्षांचा झाला.

याची सुरुवात वाचण्यासारखी आहे. १९७८ च्या हिवाळ्यात अन्हुई प्रांतातल्या श्याओगांग गावात अठरा शेतकऱ्यांनी रात्री गुपचूप एक कागद केला आणि त्यावर अंगठे उठवले. सामूहिक शेती मोडून जमीन घराघरांत वाटून घ्यायची, सरकारचा वाटा भरायचा, उरलेलं आपलं. आणि यापायी कुणी तुरुंगात गेलं तर बाकीच्यांनी त्याची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. पुढच्या साली धान्य भरपूर आलं, आणि थोड्याच वर्षांत सगळ्या देशात हीच रीत झाली.

वाटणी करताना गावोगाव एक अडचण आली. जमीन सगळी सारख्या प्रतीची नव्हती. मग प्रत्येक घराला थोडी चांगली, थोडी मध्यम, थोडी हलकी आणि थोडी पाण्याजवळची अशी तोडून दिली. त्यामुळं एक हेक्टरसुद्धा नसलेल्या घराची जमीन गावाच्या चार दिशांना पाच-सहा तुकड्यांत विखुरली. आपल्याकडं दोन भावांची वाटणी होताना विहिरीजवळचं रान अर्धं-अर्धं आणि माळही अर्धा-अर्धा करतात, अगदी तशीच.